शाळेतली नर्स आणि विशेष काळजीची मुलं: नेमकी तयारी काय ठेवावी?

पाटीपेन्सिल

शाळेच्या आरोग्यखोलीचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा धागा. खरचटणं, पोटदुखी, उवा यांवर भरपूर लिहिलं गेलंय. ज्या मुलांना वर्गात नुसतं बसायलाही रोज वैद्यकीय आधार लागतो, त्यांच्यापुरतं इथे बोलू: दमा, टाइप १ मधुमेह, अपस्मार (फिट येणं), तीव्र अ‍ॅलर्जी, सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होण्याचा आजार), नळीने आहार, कॅथेटर (लघवी काढायची नळी), ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी).

वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून फॉर्म भरून येतात आणि यादी तयार होते. ती फाइलला लागली की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पुढचं काय? मुलाच्या काळजीच्या आराखड्यात काय लिहावं, औषधं कुलपात ठेवावीत की हाताशी, आणि नर्स जागेवर नसेल तेव्हा कोणी काय करायचं?

विनंती: किस्से नकोत, कृती लिहा.

---

निळीशाई

आराखड्यापासून सुरुवात करते. एका मुलामागे दोन कागद लागतात. पहिला सविस्तर: निदान, रोजची औषधं, डॉक्टरांची सहीची सूचना, पालकांची लेखी संमती, खेळ-सहल-परीक्षा यांसाठीच्या सवलती. हा नर्सकडे. दुसरा आणीबाणीचा, एकाच पानाचा, आणि तो डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या माणसासाठी लिहायचा. त्यावर मुलाचा चालू वर्षीचा फोटो, लक्षणं साध्या भाषेत, पहिली कृती, औषध नेमकं कुठे ठेवलंय आणि अँब्युलन्स कधी बोलवायची, एवढंच.

हे कागद कुठे फसतात ते सांगते. "गरजेनुसार इन्हेलर द्यावा" हे वाक्य जवळपास प्रत्येक आराखड्यात असतं आणि कुणाच्याच उपयोगाचं नसतं. गरज कशी ओळखायची, किती फवारे, किती वेळ थांबायचं, फरक पडला नाही तर पुढे काय, ही चारही उत्तरं कागदावर नसतील तर डॉक्टरांकडे परत पाठवा. संकोच करू नका.

दुसरी गोची वजनाची. झटक्यांचं औषध, तीव्र अ‍ॅलर्जीवरचं अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन (फार खाली गेलेली साखर वर आणणारं) या सगळ्यांचे डोस वजनावर (काही ठिकाणी वयावर) ठरतात. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरचा डोस आज अपुरा असू शकतो. वर्षाच्या सुरुवातीला आणि सहामाहीनंतर वजन करा आणि आकडा तारखेसह त्याच पानावर लिहा.

क्रमही स्पष्ट हवा: आधी औषध, मग अँब्युलन्स, मग पालक. दोन मोठी माणसं असतील तर एकाने औषध द्यायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी फोन लावायचा. पालकांना विचारून मग औषध देऊ, या नादात सगळ्यात मोलाची मिनिटं जातात. ती संमती आधीच घेतलेली असते, ती त्यासाठीच.

---

उंबरठा

कुलपाबद्दल. जीव वाचवणारं औषध कुलपात नको. इन्हेलर, अ‍ॅड्रेनलिन पेन (डोस भरलेलं तयार इंजेक्शन), ग्लुकोज, ग्लुकॅगॉन हे उघड्या पण लक्ष राहील अशा जागी. कपाटाची किल्ली पर्समध्ये आणि पर्सवाली व्यक्ती मीटिंगमध्ये, असं झालं की आराखडा कितीही चांगला असून उपयोग नाही. कसोटी सोपी आहे: मैदानाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात मूल आहे असं धरा, एकाला औषध आणायला पाठवा आणि घड्याळ लावा. जाऊन, शोधून, परत येईपर्यंत पाच मिनिटांच्या वर गेलं तर जागा बदला किंवा दुसरा संच ठेवा. मोठी, समजूतदार मुलं इन्हेलर स्वतःच्या खिशात बाळगू शकतात. तशी डॉक्टर-पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि मूल तो बरोबर वापरतं का ते एकदा समोर बसवून बघा.

रोजची औषधं मात्र कुलपात. विशेषतः अतिचंचलतेवरची मिथाइलफेनिडेटसारखी: येताना दोघांनी मिळून गोळ्या मोजायच्या, दोघांनी सही करायची, दर आठवड्याला पुन्हा मोजणी. मूळ वेष्टणातलंच औषध घ्या. कागदाच्या पुडीतल्या किंवा दुसऱ्या बाटलीत ओतलेल्या औषधाला हात लावू नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नका, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

---

पाटीपेन्सिल

@उंबरठा, मग मिडॅझोलमचं काय? ते नियंत्रित औषधही आहे आणि झटक्यात जीव वाचवणारंही.

---

उंबरठा

अडचणीचा प्रश्न खरा. मार्ग हा: क्रमांक असलेल्या सीलच्या पिशवीत, शाळेच्या वेळेत कायम कुणीतरी बसलेलं असतं अशा खोलीत. सील शाबूत आहे का ते रोज सकाळी बघून सही करायची. गैरवापर झाला तर त्याच दिवशी कळतं आणि वेळेला पिशवी फाडायला कुणाची परवानगी लागत नाही. जे कुलूप काढावंच लागणार असेल त्याची किल्ली किमान दोघांकडे हवी आणि ते दोघे एकाच वेळी रजेवर नसावेत.

---

जुनीघंटा

दमा. सगळ्यात जास्त मुलं याचीच असतात, आणि सगळ्यात जास्त चुकाही.

मुलाला बसवा, किंचित पुढे झुकलेलं. आडवं करू नका. इन्हेलर हलवा, स्पेसरला (इन्हेलर आणि तोंडाच्या मधे लावायच्या पोकळ नळीला) जोडा. एक फवारा, मग स्पेसरमधून चार संथ श्वास. पुन्हा हलवा, दुसरा फवारा, चार श्वास. असे चार फवारे. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार आणि लगेच अँब्युलन्स. ती येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे चालू ठेवा. मुलाच्या आराखड्यात वेगळे आकडे असतील तर ते पाळा. स्पेसरमध्ये दोन-तीन फवारे एकदम मारून श्वास घ्यायला लावलं तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, फुप्फुसात पोचतं ते कमीच.

चार-चारची वाट न बघता तिथल्या तिथे अँब्युलन्स कधी: मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, गळ्याखालचा खळगा आणि फासळ्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, ओठ निळसर, झोपाळलेलं. आणि एक फसवं लक्षण. शिट्टीसारखा आवाज अचानक थांबला आणि मूल गप्प झालं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण समजू नका. आवाज व्हायलाही हवा आत-बाहेर जावी लागते.

स्पेसरची निगा: कोमट पाण्यात थोडा साबण घालून बुडवा, बाहेर काढून हवेत वाळू द्या. आतून फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. नवा स्पेसरही याच कारणासाठी पहिल्या वापराआधी धुवावा. बरेच दिवस पडून असलेल्या इन्हेलरचे पहिले दोन फवारे हवेत सोडा. डोस-आकडा नसलेला इन्हेलर हलवून "आहे अजून" म्हणणं चुकीचं, औषध संपल्यावरही त्यातला वायू उरतो आणि फवारा येतच राहतो. आणि पावडरचा इन्हेलर स्पेसरला लावायचा नसतो, तो जोरात ओढून घ्यायचा असतो. यादीत कोणाकडे कोणता आहे ते लिहून ठेवा.

---

साखरझोप

टाइप १ मधुमेह. दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोका. लक्षणं दिसतायत पण मीटर हाताशी नाही, तर साखर कमी आहे असंच धरून चाला.

किती ग्लुकोज द्यायचं: किलोमागे ०.३ ग्रॅम. ३० किलोच्या मुलाला साधारण ९ ग्रॅम, ५० किलोच्या मुलाला १५. सपाट चहाचा चमचा साखर म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम. पाण्यात विरघळवून द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातली चरबी साखर शोषायला उशीर लावते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० खाली असेल तर तेवढाच डोस पुन्हा. वर आली आणि पुढचं खाणं लांब असेल तर थोडं काही खायला द्या.

इथे तीन गोष्टी नेहमी चुकतात.

एक, "तुला बरं वाटत नाहीये ना, जा नर्सकडे" म्हणून मुलाला एकटं पाठवणं. जिन्यात कोसळलं तर कुणाला कळतही नाही. सोबत नेहमी मोठं माणूस, आणि शक्यतो साखर मुलाकडे यावी, मूल साखरेकडे जाऊ नये. वर्गाच्या कपाटात ग्लुकोजचा डबा यासाठीच ठेवायचा.

दोन, दंडावरच्या सेन्सरवर डोळे मिटून विश्वास. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो. तो आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. साखर दिल्यावर सेन्सर खालीच दाखवतोय म्हणून पुन्हा पुन्हा पाजत राहिलं तर तासाभराने ३०० दिसेल. दिल्यानंतरची तपासणी बोट टोचूनच करा. टोचण्याआधी हात धुवा, बोटाला गोड काही लागलेलं असलं तर आकडा खोटा येतो. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकावर दुखतं. वापरलेली लॅन्सेट लगेच जाड डब्यात, टोपण परत लावायचं नाही.

तीन, परीक्षा. साखर खाली गेलेल्या मुलाला आकडा ७० वर आला म्हणून लगेच पेपरला बसवू नका. डोकं पूर्ववत चालायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. ही सवलत आराखड्यात लेखी घ्या, तोंडी सांगितलेलं परीक्षेच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन: २५ किलोच्या आत अर्धा मिलिग्रॅम, त्यावर १ मिलिग्रॅम. पावडर आणि पाणी वेगळं येतं, ते त्याच वेळी मिसळायचं. दिल्यावर उलटी होतेच असं धरून कुशीवरच ठेवा.

---

वहीचंपान

साखर वाढलेली असेल तर काय? त्याबद्दल कोणी बोलत नाही.

---

साखरझोप

बरोबर. २५० च्या वर असेल आणि मळमळ, उलटी, पोटदुखी असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा. कीटोन आले तर तो "पोट बिघडलंय" प्रकार नाही, पालक आणि डॉक्टरांना लगेच कळवा. व्यायाम बंद. पाणी आणि लघवीला जायची परवानगी मागावी लागू नये. इन्सुलिन पंप असलेल्या मुलाची नळी निसटलेली असली तर हे फार झपाट्याने होतं, कारण पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, मागे साठा काहीच नसतो.

---

आकाशकंदील

अपस्मार. पहिलं काम घड्याळ बघणं. बघणाऱ्याला दोन मिनिटंही दहा वाटतात, म्हणून अंदाज नको. डोक्याखाली मऊ काही, आजूबाजूची बाकं सरकवा, चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सैल करा. हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळू शकतो. दातांत चमचा, रुमाल, बोट काही नाही. नाकाशी काही हुंगवूनही झटका थांबत नाही. तो बहुतेकदा आपणहून थांबतोच, आणि हुंगवणाऱ्याला श्रेय मिळतं. झटके थांबताच कुशीवर.

पाच मिनिटं झाली की आराखड्यातलं औषध. मिडॅझोलम नाकातून किंवा गालाच्या आतून देतात. गालातलं असेल तर खालच्या हिरडी आणि गालाच्या मधल्या खोबणीत, अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला, सावकाश. घाईने दाबलं तर घशात जातं. नाकातलं असेल तर दोन्ही नाकपुड्यांत वाटून. औषध देताच अँब्युलन्स, आणि त्यानंतर छातीवरून नजर हलवू नका, हे औषध श्वास मंद करतं. झटका पाण्यात आला, डोक्याला लागलं, लागोपाठ दुसरा आला, किंवा पहिल्यांदाच आला तर अँब्युलन्स बोलवायला पाच मिनिटं थांबायचं नाही.

शिक्षकांना एक वेगळी गोष्ट सांगायची असते. काही मुलांचा झटका म्हणजे दहा-वीस सेकंद नजर शून्यात, पापण्यांची फडफड, आणि मग वाक्य अर्ध्यावरून पुढे चालू. दिवसात अनेकदा. अशांना "लक्ष देत नाही" म्हणून ओरडा बसतो. हाक मारून, खांद्याला हात लावूनही तंद्री तुटली नाही तर नोंद करा: वेळ, किती सेकंद, त्याआधी काय चाललं होतं. ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

---

निळीशाई

तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल थोडक्यात. अंगावर पित्त उठलं आणि सोबत श्वासाला त्रास, आवाज घोगरा, सतत उलट्या किंवा चक्कर, यांपैकी काही असेल तर अ‍ॅड्रेनलिन. अंगावर काहीच नसतानाही हे होऊ शकतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, कपड्यावरूनही चालतं, पण त्या खिशात किल्ल्या किंवा पेन नाही ना बघा. पेन ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅमचे येतात. साधारण २५-३० किलोच्या पुढे ०.३. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर दुसरा, म्हणून मुलामागे दोन पेन हवेत. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप देऊन वाट बघत बसू नका. त्याने खाज कमी होते, सुजलेला घसा मोकळा होत नाही.

एक गोष्ट जाणत्यांकडूनही सुटते: मुलाला उभं करणं. रक्तदाब पडलेला असताना झटकन उठवलं तर हृदयाकडे परत येणारं रक्तच तुटतं आणि तिथल्या तिथे हृदय थांबू शकतं. आडवं, पाय वर. श्वासाला त्रास असेल तर बसलेलं चालेल, पण पाय पसरून जमिनीवर. "बरं वाटतंय, मी चालतो" म्हणालं तरी चालवत नेऊ नका, स्ट्रेचर आणा. तासाभराने ठणठणीत दिसलं तरी दवाखान्यात जायलाच हवं, लक्षणं काही तासांनी परत उसळू शकतात.

दमा आणि अन्नाची अ‍ॅलर्जी दोन्ही असलेलं मूल अचानक धापा टाकू लागलं, आणि दमा की अ‍ॅलर्जी हे कळत नसेल, तर आधी अ‍ॅड्रेनलिन, मग इन्हेलर.

---

शिट्टी

मी मैदानाच्या बाजूने विचारतो. खेळ शिकवणाऱ्यांना यादी मिळते, "हलका व्यायाम" एवढंच लिहिलेलं असतं. कोणाला काय टाळायचं?

---

जुनीघंटा

"हलका व्यायाम" हा शेरा मीही खोडून टाकीन. मुलागणिक वेगळं आहे.

दमा: खेळाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी इन्हेलर (आराखड्यात असेल तर) आणि सावकाश वॉर्मअप. खेळ बंद करायची गरज नाही.

सिकलसेल: पाण्याची बाटली कायम सोबत, थकवा आला की थांबायची मुभा, थंड पाण्यात पोहणं नाही, ओले कपडे लगेच बदलायचे. आणि लागलं की बर्फ लावायची जी प्रतिक्षिप्त सवय असते, ती इथे मोडा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, वाकड्या पेशी अडकतात आणि वेदनेचा झटका सुरू होतो. ताप ३८.५ अंश सेल्सिअसवर गेला तर ती आणीबाणी. अचानक एक बाजू लुळी, बोबडं बोलणं, लहान मुलात एकाएकी पांढरंफटक पडणं आणि डाव्या बाजूचं पोट फुगणं, हेही तसंच.

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार): अंगावर अंग आदळणारे खेळ नाहीत, पोहणं उत्तम. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही, स्नायूत इंजेक्शन नाही. डोक्याला मार बसला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक, इंजेक्शनने) आधी, स्कॅन नंतर. म्हणजे पालक आणि उपचार केंद्राला त्याच मिनिटाला फोन.

डोक्याचा मार कुणालाही: त्या दिवशी खेळ संपला, मूल कितीही गयावया करो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बाहुल्या लहान-मोठ्या, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, झटका यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना. मेंदूला हादरा बसलाय असं ठरलं तर आधी अभ्यासात परत, मग खेळात, टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) असलेल्या मुलात डोकेदुखी, उलटी आणि सुस्ती एकत्र दिसली तर मार बसलेला नसला तरी शंट अडकल्याची शंका घ्या.

---

सुतरफेणी

नळ्यांबद्दल मी लिहिते.

पोटातल्या नळीने आहार: नळी जागेवर आहे ना हे आराखड्यातल्या पद्धतीने आधी बघा. डोकं ३० ते ४५ अंश वर, आहार संपल्यावरही अर्धा ते एक तास तसंच. आधी-नंतर पाण्याने धुणं. नळी चोंदली तर कोमट पाणी हलक्या हाताने, मागेपुढे. इथे लहान सिरिंज घेऊन जोर लावू नका: सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, नळी फुटते. मोठी घ्या. नळी निघून आली तर छिद्र काही तासांत आकसायला लागतं. स्वच्छ गॉज लावा, निघालेली नळी फेकू नका, पालकांना आणि दवाखान्याला लगेच कळवा. प्रशिक्षित नर्स आराखड्यानुसार राखीव नळी बसवू शकते, पण छिद्र जुनं, बरं झालेलं असेल तरच. शस्त्रक्रियेला सहा-आठ आठवडे व्हायचे असतील तर शाळेत हात लावायचा नाही, नळी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

कॅथेटर: दर तीन-चार तासांनी, म्हणजे शाळेच्या वेळेत किमान एकदा. दार लागणारी खोली, टेबल, हात धुवायची सोय. ही सोय नसली की मुलं पाणी पिणंच बंद करतात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, आणि गैरहजेरी. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून सुरुवातीपासूनच हातमोजे, कॅथेटर, चिकटपट्टी सगळं लॅटेक्समुक्त. वर्गातले फुगे, रबरबँड आणि काही खोडरबरंही यात येतात. वाढदिवसाला फुगे आणू नयेत, हे पालकांना आधीच कळवा.

ट्रॅकिओस्टॉमी: पिशवी मुलासोबत जाते, मुताऱ्यांपर्यंतसुद्धा. त्यात त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दुसरी नळी, दोऱ्या, कात्री, सक्शन (कफ ओढून काढायचं यंत्र), आणि सक्शनची नळी किती आत घालायची ते माप लिहिलेली चिठ्ठी. सक्शन दर वेळी पाच ते दहा सेकंदांच्या आत. यंत्राची बॅटरी रोज सकाळी तपासा. वाळूचा खड्डा आणि पाण्याचे खेळ वर्ज्य. या मुलासोबत नळी बदलता येणारा माणूस सतत हवा, नसेल त्या दिवशी "बघू काहीतरी" चालत नाही.

---

वहीचंपान

कॅन्सरचे उपचार चालू असलेली मुलं राहिली.

---

सुतरफेणी

हो. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर म्हणजे लगेच दवाखाना. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप लपवू नका. तापमान गुदद्वारातून कधीही घ्यायचं नाही. आणि वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला की त्याच दिवशी, संध्याकाळची वाट न बघता, या मुलाच्या पालकांना फोन. संपर्कानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच देता येतील असे उपाय असतात, ती मुदत टळली की टळली. त्यासाठी कांजिण्यांच्या मुलाच्या पालकांनीही शाळेला लगेच कळवायला हवं. नाव न घेता सगळ्यांना तशी विनंती वर्षारंभीच पाठवा.

---

उंबरठा

नावावरून आठवलं. आजारी मुलांची फोटोसकट यादी शिक्षकखोलीच्या भिंतीवर लावू नका, तिथे कुणीही येतं. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्या हाती एकपानी कागद, आणि बदली शिक्षकाच्या हजेरीपटात बंद पाकीट. बदली शिक्षकाचा दिवस हा सगळ्यात कच्चा दुवा असतो.

---

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: सहल, बस आणि आगीचा सराव?

---

निळीशाई

सहलीला औषधं मुलाच्या गटासोबत असलेल्या शिक्षकाकडे. बसच्या डिकीत किंवा दुसऱ्या बसमध्ये नाही. इन्सुलिन आणि अ‍ॅड्रेनलिन उन्हात तापलेल्या गाडीत सोडायचं नाही, आणि बर्फाला थेट चिकटवूनही नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जिथे जाणार तिथून जवळचं रुग्णालय आणि फोनला रेंज आहे का, हे आधी बघा. बसच्या चालक-सोबतिणीलाही एकपानी कागद द्या, संमतीसह.

आगीच्या सरावात आणीबाणीची पिशवी बाहेर कोण नेणार हे नावानिशी ठरवा, नाहीतर तीस मुलं मैदानात आणि सगळी औषधं इमारतीत. चाकाच्या खुर्चीतलं मूल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट बंद असताना कोण दोघं, कोणत्या जिन्याने, कशावरून उतरवणार ते लिहा आणि रिकाम्या खुर्चीने नाही, तेवढ्या वजनाने सराव करा. सरावाच्या भोंग्याची तारीख अपस्मार आणि स्वमग्नता असलेल्या मुलांच्या पालकांना आधी कळवून ठेवा.